डिस्चार्ज कार्ड जपून ठेव

चि. सौ. मनूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस की बीपी आता १२०/८० आहे, गोळ्याही बंद झाल्या, म्हणजे गरोदरपणातले ते प्रीएक्लॅम्प्सियाचे (बीपी वाढून लघवीतून प्रथिने जाण्याचे) प्रकरण मिटले. वार (प्लॅसेंटा) पडली की आजार गेला, असे तुझ्या वेळी मीही धरून चालले होते, आणि तेही प्रयोगशाळेत नोकरी करत असताना!

चौतिसाव्या आठवड्यात बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना, म्हणून मी स्वतःचीच लघवी परीक्षानळीत तापवून पाहिली. वरचा थर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा गढूळ झाला आणि अ‍ॅसेटिक आम्लाचे थेंब टाकूनही निवळला नाही. प्रथिने जात होती. पुढच्याच आठवड्यात तुझा जन्म झाला.

या आजारात गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्या, म्हणजे वारेकडे रक्त नेणाऱ्या नागमोडी वाहिन्या, हव्या तितक्या रुंदावत नाहीत, वारेला रक्त अपुरे पडते आणि ती रक्तात असे एक प्रथिन सोडते, की जे आईच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागणारे वाढीचे घटक अडवून धरते. एरवी हे पेशींचे एकेरी अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते. त्याचे पोषण तुटले की वाहिन्या आवळतात आणि पाझरू लागतात. वार गेल्यावर ते प्रथिन लवकरच ओसरते, पण पेशी सगळ्याच पूर्ववत होतात असे नाही. काही अकाली म्हाताऱ्या होतात, म्हणजे त्यांचे विभाजन थांबते, त्या मरतही नाहीत, आणि शेजारच्या पेशींना त्रास देणारी दाहकारक द्रव्ये सोडत बसतात. (घरातल्या कुरकुऱ्या म्हाताऱ्यांसारख्या, असे तू म्हणशील, म्हण.) अशा स्त्रियांच्या वाहिन्या बाळंतपणानंतर कित्येक वर्षांनीही पुरेशा सैलावत नाहीत, असे तपासण्यांत आढळले आहे. यातला किती दोष मुळात होता आणि किती गरोदरपणाने केला, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही. मला स्वतःला दोन्ही खरे वाटते.

पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका मात्र साधारण दुप्पट होतो, आणि २०११ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनही स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमींमध्ये हा आजार धरते. म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांची तपासणी दरवर्षी करून घे. दुसऱ्या बाळाचा विचार केलास तर अ‍ॅस्पिरिनच्या लहान मात्रेविषयी डॉक्टरांना सुरुवातीलाच विचार, कारण ती बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात. आणि आता बाळंतपणानंतरच्या या सहा आठवड्यांत डोके असह्य दुखले किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठ.

माझे कार्ड मी घर बदलताना रद्दीत घातले. पन्नाशीत बीपी निघाले, तेव्हा डॉक्टरांनी वडिलांचे, भावांचे सगळे विचारले. बाळंतपणाचे ना त्यांनी विचारले, ना मला सांगायचे सुचले. तुझे कार्ड हिरव्या फायलीत पहिल्याच पानाला लावले आहे.

तुझी,
आई