पाठाआधीच्या वीस मिनिटांसाठी

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

छात्राध्यापकाचं, म्हणजे शाळेत सरावाला आलेल्या बी.एड.च्या विद्यार्थ्याचं, पाठ टाचण (तासाची लेखी आखणी) तुम्ही पाठ झाल्यावर नाही, पाठाच्या आदल्या दिवशी तपासता. तुमच्या रिकाम्या तासातली वीस मिनिटं त्यात जातात. या सवयीबद्दल आभार मानायला हे पत्र लिहितो आहोत. ते उघड लिहिण्याचं कारण एवढंच की विदर्भातल्या गावोगावच्या शाळांत छात्रसेवाकालासाठी (शाळेतल्या सरावाच्या काळासाठी) जाणाऱ्या मुलामुलींनी, आणि त्यांना आपला वर्ग देणाऱ्या शिक्षकांनीही, तुम्ही नेमकं काय करता ते वाचावं.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत शाळेतल्या कामाला किमान वीस आठवडे दिले आहेत, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. कॉलेजातल्या तासांना ८० टक्के हजेरी चालते, शाळेतल्या छात्रसेवाकालाला ९० टक्के लागते. नियमानं शाळेचं वजन मान्य केलं आहे. पण त्या सोळा आठवड्यांत हाती काय लागेल, हे मुलगा कोणाच्या वर्गात जातो त्यावर ठरतं. पुष्कळ ठिकाणी छात्राध्यापक आला की वर्ग त्याच्या हवाली होतो आणि शिक्षक ऑनलाइन माहिती भरायला बसतात. त्यांना दोष देववत नाही, कामंच तेवढी असतात. तुमच्याही मागे ती असतात. तरी तुम्ही मागच्या बाकावर वही घेऊन बसता.

कॉलेजात सूक्ष्म अध्यापन होतं. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र. एका वेळी एकच कौशल्य, समोर आठ-दहा सहाध्यायी. हे सहाध्यायी विद्यार्थी झालेले असले तरी पदवीधर असतात. प्रश्न अर्धवट विचारला तरी त्यांना उत्तर येतं. त्यामुळे प्रश्न वाईट होता हे विचारणाऱ्याला कळतच नाही. सेतुपाठात तीन-चार कौशल्यं एकत्र येतात, पण ऐकणारे तेच. खरी उणीव साठ मुलांच्या आठवीतच उघडी पडते. ती पडण्याआधी तुम्ही टाचणात शोधून काढता.

तुमची पेन्सिल आधी 'विद्यार्थी कृती'च्या रकान्यावर जाते. तिथे 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात' हे वाक्य किती वेळा आलं ते तुम्ही मोजता. दोनदापेक्षा जास्त आलं तर टाचण परत. कारण तो पाठ नाही, भाषण आहे. प्रत्येक ठिकाणी मुलं हातानं किंवा तोंडानं नेमकं काय करणार ते लिहायचं: आकृतीला नावं देतात, शेजाऱ्याचं उत्तर तपासतात, दोन उदाहरणांतला फरक सांगतात. उद्दिष्टांचंही तेच. 'विद्यार्थ्यांना बाष्पीभवन समजते' हे गाइडमधून उतरवलेलं वाक्य तासाच्या शेवटी तपासता येत नाही. 'ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात याचं कारण सांगतो' हे तपासता येतं. क्रियापद बदललं की मूल्यमापनाचा प्रश्न आपोआप हाती येतो, हे कॉलेजच्या व्याख्यानात पटत नाही, तुमच्या एका खाडाखोडीत पटतं.

मग वेळ. वेळापत्रकात तास चाळीस मिनिटांचा असतो. शिक्षक बदलणं, हजेरी, वह्या काढणं यात सात-आठ मिनिटं जातात. चाळीसचं टाचण केलं की घंटा नेमकी मूल्यमापनाच्या आधी होते आणि गृहपाठ दारातून ओरडून द्यावा लागतो. म्हणून तुम्ही तीस मिनिटांचंच टाचण मागता. प्रस्तावनेला तीन मिनिटं, जास्तीत जास्त चार प्रश्न आणि लगेच हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते सांगणं. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवायची. पाठ मागे पडला तर मधला एखादा दृष्टांत गाळायचा, मूल्यमापन नाही. कुठला दृष्टांत गाळता येईल त्यावर आदल्या दिवशीच फुली करून घेता.

प्रस्तावनेचे प्रश्न हा नवख्यांचा सगळ्यात कच्चा भाग. 'आपल्या सभोवताली काय काय असते?' असं विचारलं तर वर्ग झाडापासून बैलापर्यंत काहीही सांगतो, आणि ठरलेलं उत्तर काढून घेण्यात दहा मिनिटं जातात. तुम्ही सुचवलेला प्रश्न आता आमच्या प्रत्येक तुकडीला सांगतो: एप्रिल महिन्यात कूलरनं खोली गार होते, मग जुलैत त्याच कूलरपुढे अंग का चिकचिकतं? हा प्रश्न विदर्भातल्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प भरलेलं, पाणी उडायला मागत नाही. तापमान, वारा, आर्द्रता हे तिन्ही घटक त्या एका कूलरमधून निघतात.

गणितालाही तुम्ही शेत आणलंत. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. पऱ्हाटी (कपाशी) चार फूट बाय एक फुटावर टोबली (बी टोचून लावली) तर एकरात झाडं किती? एका झाडाच्या वाट्याला चार चौरस फूट, म्हणून १०,८९०. तीन बाय एकवर घेतली तर १४,५२०. तुमचा इशाराही इथे मोलाचा असतो: काही मुलं चार आणि एक यांची बेरीज करून पाचनं भागतील. त्यांना चूक म्हणून पुढे जायचं नाही. पटांगणात चुन्यानं चार बाय एकची चौकट आखून तिच्यात एक-एक फुटाचे चौकोन मोजायला लावायचे. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकवण्याचा विचार मांडला गेला, तीच नई तालीम. बी.एड.च्या पेपरात नई तालीमवर टीप लिहून गुण मिळतात, पण ती वर्गात कशी उतरते ते या चौकटीत दिसतं.

फळ्याबद्दल तुमचं सांगणं थोडकं असतं, पण एकही गोष्ट वाया जाणारी नाही. नवा खडू मोडून घ्यायचा आणि तिरपा धरायचा, म्हणजे किरकिरत नाही. अक्षर साधारण दोन इंच उंच. लिहून झालं की स्वतः शेवटच्या बाकापर्यंत जाऊन वाचून पाहायचं. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. पुसताना डस्टर वरून खाली.

प्रश्न आधी, नाव नंतर, हा तुमचा नियम. नाव आधी घेतलं की बाकीचे एकोणसाठ निर्धास्त होतात. प्रश्न विचारून मनात तीन आकडे मोजायचे. नवखा शिक्षक एका सेकंदात घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. 'समजलं का?' हा प्रश्न तर तुम्ही टाचणातून सरळ काढून टाकता, कारण त्याला वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र तुमचे आभार कसे मानावे सुचत नाही. मूल 'पानी उडून जाते' म्हणालं की नव्या शिक्षकाचं लक्ष 'पानी'वर जातं. तो तिथेच दुरुस्ती करतो. मूल गप्प होतं, आणि पुन्हा हात वर करायला त्याला आठवडे लागतात. तुम्ही सांगता, उत्तरातला आशय आधी घ्या, शाबासकी द्या, मग तेच वाक्य प्रमाण मराठीत फळ्यावर लिहा. वऱ्हाडी असो की झाडीबोली, रीत तीच. गोंडी किंवा कोरकू घरी बोलणाऱ्या मुलांसाठी तुम्ही आणखी एक पायरी घालता: पाठातले पाच-सहा अवघड शब्द आदल्या दिवशी मोठ्या मुलांकडून त्यांच्या भाषेत विचारून टाचणाच्या समासात लिहून ठेवायचे.

गैरहजेरी गृहीत धरायलाही तुम्हीच शिकवलंत. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची रोवणी, आणि दर आठवड्याचा बाजार. बाजाराच्या दिवशी नवा घटक सुरू करायचा नाही, सराव घ्यायचा.

घटक चाचणीला संविधान तक्ता (कुठल्या उद्दिष्टाला आणि घटकाला किती गुण याचा आराखडा) आधी, प्रश्न नंतर. छात्राध्यापक पंचवीस गुणांचे प्रश्न काढतात आणि तक्ता मागाहून जुळवतात. मग ज्ञानाचेच, म्हणजे नुसतं आठवून लिहायचे, प्रश्न निम्म्याहून जास्त निघतात. तपासून झाल्यावर तुम्ही सरासरी विचारत नाही. कुठला प्रश्न किती जणांचा चुकला ते प्रश्नवार मांडायला लावता. निम्म्या वर्गाचा चुकला असेल तर दोष शिकवण्याचा, तो भाग पुन्हा.

कृतिसंशोधनात (आपल्याच वर्गातली अडचण सोडवण्यासाठी केलेल्या छोट्या अभ्यासात) 'ग्रामीण विद्यार्थ्यांची गणिताची भीती' असा विषय घेऊन आलेल्याला तुम्ही 'आठवीच्या या वर्गात पूर्णांकांची वजाबाकी करताना होणाऱ्या चिन्हांच्या चुका' इथवर आणता. पूर्वचाचणी, दहा-बारा दिवसांचा उपक्रम, उत्तरचाचणी. दोन्ही चाचण्यांची काठिण्यपातळी सारखी, पण प्रश्न वेगळे. तीच प्रश्नपत्रिका दुसऱ्यांदा दिली तर गुण वाढतात ते पाठांतरानं, उपक्रमानं नाही.

टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) चिंता करणाऱ्यांनाही तुम्ही सहावी ते आठवीची पाठ्यपुस्तकं हातात देता. दुसऱ्या पेपरच्या १५० गुणांपैकी ६० गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्राचे असतात, आणि जो घटक वर्गात नीट शिकवला तो वेगळा पाठ करावा लागत नाही.

आणि तुमचे शेरे. 'चांगला प्रयत्न' असा शेरा तुमच्या हातून कधी उतरत नाही. 'दुसऱ्या रांगेतल्या चौघींना एकही प्रश्न गेला नाही', 'उत्तर मिळताच तुम्ही ते जसंच्या तसं पुन्हा बोललात, म्हणून मुलं एकमेकांचं ऐकेनाशी झाली', असं तुम्ही लिहिता. दुसऱ्या दिवशी काय बदलायचं ते त्यातून कळतं.

पुढची तुकडी शाळेत पाठवताना आम्ही एक बदल करतो आहोत. टाचणवहीत उजवीकडचं पान कोरं राहील, तुमच्या पेन्सिलीसाठी. आणि दर पाठाचं टाचण आदल्या दिवशी मधल्या सुट्टीपूर्वी तुमच्या टेबलावर असेल, म्हणजे तुमचा रिकामा तास ते शोधण्यात जाणार नाही.

आपले ऋणी,
बी.एड. छात्रसेवाकाल पाहणारे अध्यापकाचार्य