प्रवाळाचं पहिल्याच दिवशी सांगा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत अंदमान सहलीवरचा लेख वाचला. लेख छान, फोटोही छान. पण एका फोटोत ओंजळभर शंख-प्रवाळ घेऊन हसणारी मुलगी दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. जानेवारीत माझी नऊ वर्षांची नात लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर अशीच हसत उभी होती. चार दिवसांनी तीच विमानतळावर रडत होती.

आम्ही घरचे सहाजण एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. कंपनीने निघण्यापूर्वी चार पानी सूचनापत्रक दिलं, तेही अस्खलित मराठीत. बोट लागू नये म्हणून गोळी कधी घ्यायची, टोपी कुठली आणायची, पुरणपोळी कुठल्या रात्री, साबुदाणा खिचडी कुठल्या सकाळी, सगळं त्यात होतं. किनाऱ्यावरचं काही उचलू नका, ही ओळ मात्र चार पानांत कुठेही नाही. घरी आल्यावर मी ते पत्रक चष्मा लावून दोनदा वाचलं.

लक्ष्मणपूरचा किनारा आहे त्या, पूर्वी ज्याला नील म्हणत त्या शहीद द्वीपावर ओहोटीच्या वेळी पाणी लांबवर मागे हटतं आणि पायाखाली सगळा प्रवाळाचा, म्हणजे कोरलचा, समुद्रातल्या बारीक जिवांच्या सांगाड्यांचा खच. बोटांसारखे तुकडे, सांबराच्या शिंगांसारखे, एक तर हुबेहूब मेंदूसारखा. सूर्य तिकडे साडेपाचच्या आतच बुडतो, त्यामुळे सगळ्यांची फोटोची घाई. त्या घाईत नातीने चकलीचा रिकामा डबा भरला. आम्ही पाहत होतो. सौ. तर म्हणाली, "तो मेंदूसारखा घे गं, शोकेसमध्ये छान दिसेल."

त्या रात्री खोलीत डबा वाजायला लागला. खड्, खड्, मग जरा थांबून पुन्हा खड्. मला वाटलं उंदीर. दिवा लावून झाकण काढलं, तर नातीने आणलेला एक शंख पाय काढून चालत होता. आत खेकडा! हे खेकडे रिकामा शंख शोधून त्यात राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. पहाटे मी आणि नात त्याला किनाऱ्यावर सोडून आलो. तो आधी मेल्यासारखा पडून राहिला, मग तिरका तिरका झुडपांकडे निघून गेला. इतकं डोळ्यांदेखत झालं, तरी डब्यातल्या बाकीच्या तुकड्यांचं काय, हा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. ते दगड आहेत असंच धरून चाललो होतो.

शेवटच्या दिवशी सकाळी विमानतळावर बॅगा यंत्रातून गेल्या आणि सुनेची बॅग बाजूला काढली गेली. तपासनीस सभ्य माणूस होता. त्याने आधी विचारलं, "अंकल, कोरल है क्या?" मी छातीठोकपणे नाही म्हणालो, कारण मला कोरल म्हणजे दागिन्यातलं पोवळं एवढंच माहीत. टॉवेलात गुंडाळलेला डबा निघाला. सहा तुकडे. बाजूच्या ट्रेमध्ये आमच्याआधीच्या लोकांचे कितीतरी पडलेले होते. आमच्या पुढे नाशिकच्या एक बाई "देवघरात ठेवायचं होतं हो," म्हणून मराठीतच विनवत होत्या. माझा नातू मध्येच म्हणाला, "आजोबा, या विमानतळाचा आकारच शिंपल्यासारखा आहे." खरंच आहे. 2023 मध्ये सुरू झालेली ही नवी इमारत शिंपल्याच्या आकाराची बांधली आहे. हसावं की गप्प बसावं कळेना.

तपासनिसाचा काहीच दोष नाही. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, ठेवलं आहे, आणि किनाऱ्यावर आलेला मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. गुन्हाच तो. आम्हाला समज देऊन सोडलं, हे नशीब. नातीने मात्र रडत रडत विचारलं, "मग दुकानात शंख विकतात ते कसं चालतं?" परवानाधारक दुकानातली वस्तू पावतीसह नेता येते, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते तिला नीट पटवता आलं नाही.

मी चौतीस वर्षं टपाल खात्यात काढली, त्यातली बरीचशी पार्सलच्या काउंटरवर. पार्सल घेतानाच विचारायचं, "आत काय?" एकदा एक गृहस्थ मुलाला पुण्याला स्टोव्ह पाठवायला आले, टाकीत रॉकेल तसंच. तिथल्या तिथे ओतून आणायला लावलं. ते पार्सल पुण्यात उघडलं गेलं असतं तर उपयोग काय? अंदमानात नेमकं तेच होतंय. उचलताना कोणी बोलत नाही, आठवडाभर पोराच्या मनात ती वस्तू घर करते आणि शेवटच्या तासाला रांगेत सगळ्यांदेखत ती काढून घेतली जाते. बरं, तो तुकडा लक्ष्मणपूरला परत जात असेल, असं मला तरी वाटत नाही. तिथेच राहिला असता तर झिजून वाळू झाला असता.

म्हणून सहल कंपन्यांना एवढंच सांगणं आहे, की बोटीतून उतरायच्या आधी, मराठीत, मुलांना समोर बसवून हे सांगा. पुरणपोळीच्या वरच्या ओळीत छापा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्कलिंगला जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, प्रवाळ तिथेही आहे आणि कायदाही तोच. आणि संपादक महोदय, आपल्या पुरवणीत असे फोटो छापताना खाली एक ओळ टाकता आली तर पाहावं.

आमच्या कंपनीला मी पत्रक जोडून रजिस्टर्ड पत्र टाकलं आहे. पोचपावती आली, उत्तर अजून नाही.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, कराड