पांढरा ठिपका कुठेच नव्हता

मोबाइल दुरुस्त करणारे दादा,
सप्रेम नमस्कार.

समोर आलो की नुसतं 'थँक्यू' म्हणून फोन खिशात टाकतो आणि निघतो. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

रात्रीच्या शेवटच्या बसमधली माणसं मी वर्षभर रंगवत होतो. मान खाली, हातात फोन, चेहऱ्यावर त्याचा उजेड. तो उजेडच येत नव्हता. टायटॅनियम व्हाइटचे थरावर थर चढवले, वर निळ्याची झाक दिली, तरी चेहरे पीठ फासल्यासारखेच. चार कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवून दिले. बोलता बोलता हे तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हातातलं काम बाजूला सारलंत, माझ्याच फोनच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडून तो मायक्रोस्कोपखाली सरकवलात आणि म्हणालात, "यात पांढरं शोधा."

पांढरं नव्हतंच. लाल, हिरवे, निळे इवलेसे दिवे, आणि मधे काळ्या फटी. रंग कालवले की काळवंडतात, उजेड मिसळले की उजळतात, हे मी शिकलो होतो. पण हाताला ते त्या दिवशी कळलं.

घरी येऊन पॅलेटवर कालवणं थांबवलं. गालावर नारिंगी, फिका हिरवा, निळा असे बारीक फटकारे शेजारी शेजारी ठेवले. झॉर्झ सरा या फ्रेंच चित्रकाराने १८८७–८८ मध्ये गॅसच्या दिव्यांखालचा सर्कशीबाहेरचा खेळ असाच ठिपक्या-ठिपक्यांनी रंगवला होता. ते चित्र किती वेळा पाहिलंय, पण त्याचं फोनशी नातं तुमच्या टेबलापाशी जुळलं.

निघताना तुम्ही आणखी एक म्हणालात, "उन्हात स्क्रीन दिसते का? अंधारातच चमकते ती." खरंच, कॅनव्हासवरचा पांढरा खोलीतल्या उजेडाच्या पुढे जाऊच शकत नाही. मग खिडक्या, सीटा, दांडे सगळं जवळजवळ काळ्यापर्यंत उतरवलं, आणि चेहरे पेटले.

फोनमध्ये डोकं खुपसलेल्या माणसांना नावं ठेवणारी चित्रं ढिगाने आहेत. मला तसं चित्र नको होतं. माझ्या चित्रातल्या बाईच्या फोनवर तिच्या झोपलेल्या मुलाचा फोटो आहे. तिच्या गालावरचा तो उजेड खरा उतरणं माझ्यासाठी फार मोलाचं होतं, आणि तो तुमच्यामुळे उतरला.

तिचा अंगठा मात्र अजून जमलेला नाही. काचेवर टेकल्यावर तो नेमका किती चपटा होतो, ते पाहायला पुढच्या आठवड्यात वही घेऊन येतोय. तुमचं काम थांबवू नका, मी कोपऱ्यात बसेन.

तुमचा,
बसवाला चित्रकार