आम्ही खाट अडवत नव्हतो, घाबरलो होतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयांत अडून राहणाऱ्या खाटांबद्दलचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. त्यातले एक वाक्य काल दिवसभर डोक्यातून गेले नाही: ‘नातेवाईकच रुग्णाला घरी न्यायला टाळाटाळ करतात.’ बाकीच्या लेखाबद्दल माझी तक्रार नाही. या वाक्याबद्दल आहे, कारण अशी टाळाटाळ मीही केली आहे.

आईचा खुबा मोडला, ऑपरेशन झाले. सहाव्या दिवशी सकाळी राउंडला आलेले डॉक्टर म्हणाले, “छान आहेत, आज घरी न्या.” मी म्हटले, “अजून दोन दिवस राहू द्या ना.” त्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला काल तुमच्या लेखात पुन्हा भेटली. आदल्याच रात्री आईला कमोडवर बसवायला दोन सिस्टर आणि एक मावशी लागल्या होत्या. घरी मी एकटी होते. दोन दिवस मागितले ते एवढ्यासाठी.

संध्याकाळी फाइल हातात पडली. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी, टाके काढायची तारीख आणि खाली ‘विश्रांती, वॉकरने चालणे’ एवढेच. विश्रांती किती, चालणे किती, पलंगावरून उठवायचे कसे, काही नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात घ्यायचे इंजेक्शन कसे टोचायचे, ते सिस्टरने लिफ्टपाशी उभ्याउभ्या दाखवले. तिला दोष देत नाही. तिच्यामागे अख्खा वॉर्ड होता.

घरी चौथ्या दिवशी आईच्या उजव्या टाचेवर नखाएवढा लाल डाग दिसला. आई म्हणाली, “चादर घासली असेल गं.” मी सकाळ-संध्याकाळ त्यावर मलम लावून चोळत बसायचे, चांगली दहा-दहा मिनिटे. आईलाही बरे वाटायचे. टाके काढायला गेलो तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरने मोजा उतरवला. तोवर फोड येऊन फुटला होता आणि कडेची कातडी काळी पडली होती. “टाच अधांतरी ठेवत नव्हता का?” तिने विचारले. मला प्रश्नच कळला नाही. मग तिने सांगितले: पोटरीखाली उशी घालायची, टाच गादीला टेकू द्यायची नाही. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची. लाल डाग बोटाने दाबून पाहायचा. दाबूनही पांढरा पडला नाही तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात. आणि तो कधीही चोळायचा नाही, आतली कातडी आणखी दुखावते. हे सांगायला तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. तीच दोन मिनिटे मला डिस्चार्जच्या दिवशी हवी होती. जखम भरायला पावणेतीन महिने लागले आणि रोज ड्रेसिंग सोडताना मला वाटायचे, हे मी माझ्या हातांनी केले.

जखम भरत असतानाच, मध्ये तीन आठवडे, आईला पुनर्वसन केंद्रात ठेवले, म्हणजे ऑपरेशननंतर उठायला-चालायला शिकवतात तिथे. अशी जागा असते हेही ओळखीतल्या एकांकडून कळले, कार्डावर तिचा उल्लेख नव्हता. तिथल्या फिजिओथेरपिस्टने पहिल्या दिवशी आईच्या आधी मला शिकवले. काखेत हात घालून उचलायचे नाही. तिला खुर्चीच्या कडेला सरकू द्यायचे, पाय मागे घ्यायला लावायचे, पुढे वाकू द्यायचे, मग ती आपली आपण उठते. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. महिनाभर मी आईला उचलत होते आणि ती दिवसेंदिवस जड होत चालली होती. त्या दिवशी ती खुर्चीतून स्वतः उठली आणि माझ्याकडे बघून रडली.

त्या फिजिओथेरपिस्टनेच २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासाबद्दल सांगितले. चांगल्या धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणात झोपवून ठेवले, तर पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडले. माझी आई तर ऑपरेशनमधून उठलेली होती, आणि ‘विश्रांती’ हा शब्द वाचून मी तिला झोपवूनच ठेवले होते.

म्हणून सांगते, रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये एक पायरी हवी. ब्रिटनने २००१ साली वृद्धांसाठी हे धोरणातच लिहिले: साधारण सहा आठवड्यांपर्यंतची मधली देखभाल, तीही गरजेप्रमाणे केंद्रात किंवा घरी येऊन. ‘चोवीस तासांची बाई ठेवा’ हे त्यावर उत्तर नाही, तिलाही कोणी शिकवलेले नसते. आणि जोवर ही पायरी नाही, तोवर निदान एक दिवस आधी नातेवाइकाला पलंगापाशी बोलावून त्याच्याकडून सगळे करून घ्या. नुसते दाखवू नका, करून घ्या. मग खाटा किती लवकर रिकाम्या होतात ते पाहा.

आणखी एक. आई आता काठी टेकत दारापर्यंत जाते आणि आपला अंक स्वतः उचलून आणते. पण आरोग्याचे पान तुम्ही हिरव्या रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापता, ते तिला भिंगातूनही लागत नाही. कालचा लेख मीच तिला वाचून दाखवला आणि ते वाक्य येताच मला थांबावे लागले. ते पान पांढऱ्या कागदावर काळ्या, जरा मोठ्या अक्षरांत छापा, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक