कोणाचा हप्ता आधी भरायचा

चिरंजीव बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

वाळूजच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद होऊन तुझा पगार ३२ हजारांवरून २१ हजारांवर आला आणि १९ हजारांचे हप्ते मात्र तसेच राहिले, हे तू फोनवर सांगितलेस. गावातल्या सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी दोन लाख घ्यावेत, सगळी देणी एकदम मिटवावीत आणि हमी म्हणून माळाच्या दोन एकरांचे खरेदीखत करून द्यावे, असेही तू सुचवलेस. त्याला माझा नकार आहे. तो का आहे हे तुला सावकाश वाचता यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शेकडा तीन हा दर महिन्याचा असतो. दोन लाखांवर महिन्याला ६ हजार, म्हणजे वर्षाला ७२ हजार रुपये नुसते व्याज होते आणि तेवढे भरूनही मुद्दल जागचे हलत नाही. शिवाय खरेदीखत म्हणजे गहाणखत नव्हे. कागदावर आपण जमीन विकलेली असते, मग तोंडी काहीही ठरलेले असो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्या सावकारालाही बिगरशेती कर्जावर तारण नसेल तर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. अशा व्यवहारात गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, हेही खरे. परंतु चौकशी आणि अपिले चालू असताना सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव लागलेले असते आणि पेरणी तोच करतो. आपल्या परभणी जिल्ह्यात अशा प्रकरणांत माणसे थकून गेलेली मी पाहिली आहेत.

आता तुझ्या चार देण्यांकडे बघू. पतसंस्थेचा हप्ता साडेसात हजार, मोटारसायकलचा साडेतीन हजार, मोबाइलवरच्या ॲपचा पाच हजार आणि क्रेडिट कार्डाची किमान रक्कम तीन हजार. सध्या तू ॲपवाल्याला सर्वांत आधी पैसे देतोस, कारण तो दिवसातून दहा वेळा फोन करतो. आणि पतसंस्थेचे मागे ठेवतोस, कारण तिथले व्यवस्थापक ओळखीचे आहेत आणि गप्प आहेत. हा क्रम उलटा आहे. कोण किती ओरडतो हे पाहून पैसे द्यायचे नसतात. कोणाचे थकले तर आपले काय जाईल, हे पाहून द्यायचे असतात.

पतसंस्थेच्या कर्जाला तुझ्या मामांनी जामीन म्हणून सही केली आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, म्हणजे थकबाकी वसूल करण्याचा हुकूम, मिळवला, की तो दोघांवरही चालतो, आणि मामा पगारदार शिक्षक असल्यामुळे वसुलीचा हात त्यांच्या पगाराकडे आधी जाईल. म्हणून हे देणे पहिले. सेवा सोसायटीत गटसचिव म्हणून वसुलीची पुस्तके सांभाळताना मी एक गोष्ट नेहमी पाहिली: हप्ता थकण्याआधी जो स्वतः अर्ज घेऊन येई, त्याच्यासाठी संचालक मंडळ मार्ग काढत असे, आणि जो रस्ता बदलून जाई, त्याचे नाव दाव्याच्या यादीत जात असे. तेव्हा पगाराची जुनी व नवी चिठ्ठी जोडून लेखी अर्ज कर, मुदत वाढवून हप्ता साडेतीन हजारांवर आणावा अशी मागणी कर आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घे. ते नवं-जुनं करण्याचा, म्हणजे जुने कर्ज मिटवून त्याच जागी नवे दाखवण्याचा, पर्याय देतील, तेव्हा थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे कर्ज किती रुपयांचे होते, हे आधी लिहून माग. गोड बोलण्यावर सही करू नकोस.

मोटारसायकल दुसरे देणे. ती ओढून नेली तर रात्रपाळीला जाणार कशावर? तिचा हप्ता चालू ठेव.

कार्डाचा हिशेब तू स्वतः मांडून बघ. ६० हजारांच्या बाकीवर महिना साडेतीन टक्क्यांनी २,१०० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे सुमारे २,४८० रुपये होतात. म्हणजे तीन हजार भरून देणे कमी होते ते जेमतेम पाचशेंनी, आणि त्यात नवी खरेदी केलीस तर तिच्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ते कार्ड वापरणे आजच थांबव आणि सगळी बाकी कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या हप्त्यांत बदलून मिळावी असा अर्ज बँकेला दे. बँकेने नकार दिला आणि तिथे थकले, तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारी नोंद, खराब होईल, पुढे कर्ज मिळणे अवघड होईल आणि दावाही होऊ शकेल. तरीही मामांचा पगार आणि तुझी रोजची ये-जा यांच्या मानाने ते नुकसान मला सोसण्यासारखे वाटते.

ॲपचे १८ हजार मी सोयाबीनच्या पैशांतून देतो, पण आधी त्यामागे नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनी कोणती, हे करारावर पाहून मला कळव. पैसे तिच्याच खात्यावर भरायचे आणि खाते बंद झाल्याचे पत्र घ्यायचे. मोबाइलमधले नंबर आणि फोटो उघडण्याचा अधिकार अशा ॲपला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नाही. कोणी फोटो पसरवण्याची धमकी दिली तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार कर. सकाळी ८ च्या आधी व संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करण्यासही मनाई आहे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. पतसंस्था मात्र त्या लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करावी लागते.

सूनबाईला घरातले सामान जप्त होईल अशी भीती वाटते, असे तुझी आई म्हणाली. तिला सांग, कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. कोर्टाचा हुकूम झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. दारावर आलेला एजंट तर कोर्टही नव्हे. त्याच्या फोनला घाबरून किराणा आणि नातीच्या शाळेची फी अडवू नका. घरखर्चाचे १२ हजार आधी बाजूला काढा आणि उरलेल्या नऊ हजारांतच पतसंस्थेचे साडेतीन, गाडीचे साडेतीन आणि कार्डाचे दोन असे बसवा.

मामांना ही परिस्थिती तू स्वतः जाऊन सांग. नोटीस घरी आल्यावर त्यांना कळले, तर पैशांपेक्षा त्याचेच दुःख त्यांना अधिक होईल. येत्या रविवारी गावी ये आणि चारही कर्जांचे करार, खातेउतारे व पगाराच्या चिठ्ठ्या सोबत आण. अर्ज आपण दोघे मिळून लिहू आणि सोमवारी पतसंस्थेत मी तुझ्याबरोबर येईन.

तुझे,
अण्णा