पिठात लिहिलेले सत्तर

प्रिय अम्मो (म्हणजे काका),

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही. शुक्रवारी पोरगा भट्टीसमोर उभा राहून आपल्या अरबीत सांगेल. ती अरबी तुमच्याच इराकी पावाच्या दुकानात शिकलेली, त्यामुळे 'अजून दोन' आणि 'सुटे नाहीत' याच्या पुढं किती जाईल देव जाणे. म्हणून चार लोकांसमोर लिहून ठेवतोय.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं तालमींचे फुटबॉल संघ असतात, शाहू स्टेडियमवर मॅच असली की पेठ ओस पडते. पोरगा शारजात वाढला, पण ते वेड रक्तातून आलंच. रोज संध्याकाळी बॉल काखेत मारून तुमच्या दुकानावरून जायचा, येताना सामून, तुमचा तो इराकी पाव, आणायचा. गेल्या महिन्यात एका अकादमीनं त्याला तीन आठवडे मैदानावर पळवलं, पोरगा चांगला आहे म्हणाले, किटचे पैसे भरून घेतले आणि मग फोन उचलायचे बंद झाले. शेवटी रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, कागदात बसत नाही. कुठल्या कागदात, हे सांगायला एकही साहेब केबिनबाहेर आला नाही. सोळा वर्षांच्या पोराला तोंडावर नाही म्हणायला कसली एवढी भीती वाटते या लोकांना? गावाकडचे तर टपलेलेच होते. फुटबॉलनं पोट भरतं का, वगैरे.

आठ दिवस पोरगा घराबाहेर पडला नाही. नवव्या दिवशी सामून आणायला मीच आलो, तर तुम्ही पैसे घ्यायच्या आधी विचारलंत, "बॉल कुठाय?" मला विचारलं नाहीत, बॉलला विचारलंत. मी दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच घेऊन आलो.

नशात अक्रमचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. इराकमधल्या तुमच्या हिल्ला गावचा मिडफिल्डर. २००४ ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये इराक चौथा आला त्या संघातला, आणि २००७ च्या आशिया कपचा तर कणाच. तुम्ही पोराला मोबाइलवर बँकॉकची मॅच दाखवलीत. बाविसावं मिनिट, समोर ऑस्ट्रेलिया, नशातची लांबून मारलेली फ्री किक. चेंडू सगळ्यांच्या मधून गेला, कुणाचा पाय लागला नाही की डोकं, सरळ जाळ्यात. ३-१ नं जिंकलात. मग कोरियाला पेनल्टीवर हरवलंत, आणि इथं तुमचा आवाज बसला. त्या रात्री बगदादला रस्त्यावर नाचणाऱ्या गर्दीत स्फोट झाले, पन्नासएक माणसं गेली. चारच दिवसांनी, २९ जुलैला, जकार्तातल्या फायनलमध्ये तुमच्या हवारचा कॉर्नर आणि युनिसचं हेडर, सौदी १-० नं हरले. हे सांगताना भट्टीतले सामून करपले, तरी तुम्ही हलला नाहीत.

आणि मग ते. सहा महिन्यांनी इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबला नशात हवा होता. तिथं खेळायचा, म्हणजे कामाचा, परवाना नाकारला. का? तुम्ही ओट्यावरच्या पिठात बोटानं काहीतरी काढलंत. पोराला वाटलं इंग्रजी व्ही आणि पुढं ठिपका. तुम्ही हसून म्हणालात, हे सत्तर, आमचं शून्य एवढंसंच असतं. देशाचं गेल्या दोन वर्षांचं सरासरी रँकिंग पहिल्या सत्तरात पाहिजे होतं, आणि आशियाचा विजेता इराक त्यात बसत नव्हता. स्वतःच्या देशात सामने खेळायची सोय नाही, 'घरचे' सामनेसुद्धा परक्या मैदानांवर, त्या संघाचा नंबर वर येणार कुठून? पण नियम तो नियम. पाय नाकारले नव्हते, नंबर नाकारला होता.

एवढं सांगून तुम्ही तळहातानं ते सत्तर पुसलंत आणि बरोबर त्याच जागी एक गरम सामून ठेवलात. "खा."

बस्स. बाकी काही म्हणाला नाहीत.

पोरानं खाता खाता विचारलं, पुढं काय झालं? २००९ ला हॉलंडच्या ट्वेंटेनं घेतलं, आणि त्याच मोसमात क्लबनं पहिल्यांदा लीग जिंकली. पोराचे डोळे चमकले, मग नशात किती खेळला? इथं कुणीही फुगवून सांगितलं असतं. मी तरी नक्कीच. तुम्ही म्हणालात, "थोडं. जास्त बाकावर." आणि दोघंही खळखळून हसलात. आठ दिवसांनी मी त्याचं हसणं ऐकत होतो.

मला वाटतं, पोराचा तुमच्यावर विश्वास बसला तो या 'थोडं'मुळं. आम्ही घरचे सगळे त्याला 'होईल रे, होईल' करत होतो, त्या केबिनमधल्या साहेबांसारखंच गोडगोड. चांगुलपणा म्हणजे गोड बोलणं असं आपण धरून चालतो. तुमचा बिनसाखरेचा निघाला. परक्या गावात, परक्याच्या पोरासाठी, धंद्याच्या वेळेला तुम्ही एक अख्खी खेप जाळलीत. नात्यातलं कुणी एवढं करत नाही हो.

अकादमीचं पुढं काही झालेलं नाही. पोरगा पुन्हा खेळतोय, पार्किंगच्या मागच्या मैदानात, इतकंच. परवा एक फ्री किक भिंतीवरून थेट कुणाच्या तरी बाल्कनीत गेली. त्याचं बोलणं मी खाल्लं.

त्या दिवशीच्या सामूनचे पैसे पोराजवळ दिलेत. जळालेल्या खेपेचेही. तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे, म्हणून त्याच्या आईनं शंकरपाळ्यांचा डबा दिलाय. तो रिकामा परत पाठवू नका म्हणाली, पण त्यात सामून भरून पाठवलेत तर आमची हरकत नाही.

तुमचा,
सोळा वर्षांच्या बॉलवाल्याचा बाप