काका, तुमचे बारा रुपये बाकी आहेत

ती. काका,
साष्टांग नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही दटावलंत, म्हणून नुसतं काका. पुण्यात धनकवडीत रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत कॅरमबोर्डावर लोकांचे कागद पसरून कोण बसतं, हे ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे.

मी पहिल्यांदा आले ती पैसे मागायला. 2025 चा गुढीपाडवा होऊन आठवडा झाला होता. टेम्पोवरून पडून ह्यांचा पाय मोडला होता, चार महिने घरी होते. माझ्या पोळ्यांच्या चार घरांवर सगळं चाललेलं. दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. बँकेतून रिटायर झालेले एक काका मदत करतात म्हणून शेजारच्या वहिनींनी सांगितलं, आणि मी पाच हजारांचा आकडा मनात धरून आले. तुम्ही चहा मागवलात आणि म्हणालात, "पैसे मी कुणालाच देत नाही. घरात असतील नसतील तेवढे कागद पिशवीत घालून आणा." खरं सांगते, तेव्हा राग आला होता. एवढंच करायचं तर मदत कसली, असं पुटपुटतच जिना उतरले.

पुढच्या रविवारी साडीच्या दुकानाची पिशवी भरून कागद आणले. तुम्ही बोर्डावरची पावडर पुसलीत आणि एकेक कागद वाचून चार कोपऱ्यांत चार गठ्ठे केलेत. मग विचारलंत, "पगार झाला की पहिले पैसे कुणाला देता?"

मी म्हणाले, "जो दारात येऊन ओरडतो त्याला."

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत. घरमालक सभ्य माणूस, ओरडत नाही, म्हणून त्याचं भाडं थकलेलं. लाइट बिल मुकं, ते थकलेलं. शाळेच्या बाई हळू बोलतात, म्हणून तिथलंही राहिलेलं. सगळ्यात मोठ्यांदा ओरडायचा तो सावकार, आणि त्याचे तीन हजार मात्र चौदा महिन्यांत एकदाही चुकले नव्हते. तुम्ही माझ्याच हातानं वहीत यादी उलटी लिहून घेतलीत. आधी छप्पर आणि लाइट, मग पोट, मग शाळा, मग गटाचे (कंपनी बायकांच्या गटाला कर्ज देते, त्याचे) हप्ते. सावकार तळाला. त्याच्याही खाली "काका, झेरॉक्स, 12 रु." असं लिहायला लावलंत, कारण त्या दिवशी माझ्याकडे सुटे नव्हते आणि झेरॉक्सचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे हा तुमचा नियम.

सावकाराचा हिशेब तुम्ही मांडलात तो मला अजून तोंडपाठ आहे. घेतले तीस हजार, दहा टक्क्यांनी, म्हणजे महिन्याला शेकडा दहा. चौदा महिन्यांत दिले बेचाळीस हजार, आणि मुद्दल तीसचं तीस. मला वाटायचं, व्याज असंच असतं. तुम्ही सांगितलंत की लायसन असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज द्यायचं तर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर जाता येत नाही. त्या दरानं चौदा महिन्यांचं व्याज होतं 6,300. मुद्दल धरून 36,300. "म्हणजे आता तुमचेच 5,700 त्याच्याकडे निघतात," असं तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मला आधी हसू आलं आणि मग घरी जाऊन रडू.

त्याच्याकडे लायसन नव्हतंच. 2014 च्या सावकारी कायद्यात बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे ऐकून आमचे हे जास्तच घाबरले. आमचे सही केलेले दोन कोरे चेक त्याच्याकडे होते. सावकारीची तक्रार जिथे होते त्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांच्या नावानं तुम्ही अर्ज लिहून दिलात, आधी चुकीच्या मजल्यावर नेऊन पाऊण तास बसवलंत (हे लिहिणारच), आणि पोच घेतल्याशिवाय हलू दिलं नाहीत. वकील लागला तर शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हेही तेव्हाच कळलं. तिथवर जायची वेळ आली नाही. अर्जाची बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली आणि एका पोरानं दोन्ही चेक पाकिटात घालून आणून दिले. 5,700 काही आले नाहीत. तुम्ही म्हणालात, सोडा.

आता लाडक्या बहिणीचं. फॉर्म पास झाल्याचा मेसेज होता, पैसे मात्र नाहीत. मी नऊ महिने सरकारला शिव्या घालत होते. तुम्ही आधारच्या साइटवर माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकलात आणि विचारलंत, "हे खातं कुठलं?" माझ्या बँकेचं नव्हतंच. कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदारानं दोनदा अंगठा लावून घेतला होता, तेव्हा परस्पर उघडलेलं खातं. आधार त्याला जोडलेलं, म्हणून पैसे तिथे जात होते. जुलै 2024 पासूनचे नऊ हप्ते, साडेतेरा हजार रुपये, जसेच्या तसे पडलेले. मी थेट सावकाराकडे निघाले असते. तुम्ही वहीवर बोट ठेवलंत. अकरा हजार भाड्याला गेले, उरलेल्यातून लाइट बिल.

रेशनचंही तसंच. कार्ड गावचं, धाराशिव जिल्ह्यातलं, म्हणून चार वर्षं मी गहू-तांदूळ किराणा दुकानातून आणत होते. इथल्या दुकानदारानं "बाहेरचं चालत नाही" म्हणून एकदा परत पाठवलं, ते मी खरं मानलं. तुम्ही सोबत आलात, कार्डाचा बारा आकडी नंबर मशीनमध्ये टाकायला लावलात, माझा अंगठा लागला आणि मशीननं आमची नावं दाखवली. चौघांचं वीस किलो धान्य, तेही जानेवारी 2023 पासून फुकट. सासूबाई त्यांचं गावात उचलतात. चार वर्षांचा हिशेब करू नका असं तुम्ही म्हणालात, पण मी केला. इथे लिहीत नाही.

गटाच्या वसुलीचा मुलगा रात्री साडेआठला उंबऱ्यावर येऊन बसायचा. तुम्ही रिझर्व्ह बँकेचा नियम मोठ्या अक्षरात लिहून दिलात, सकाळी नऊच्या आधी नाही, संध्याकाळी सहानंतर नाही, आणि मी तो दारामागे चिकटवला. पुढच्या वेळी दार उघडून मोठ्यांदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "ताई, आमचे साहेब आम्हाला बोलतात हो." त्याला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आला. हप्ता अर्धाच दिला, बाकीचे पुढच्या महिन्यात.

घरमालकाला तुम्ही कसं तयार केलंत हे मला अजून कोडं आहे. पाच वर्षं आमच्यात फक्त नोटरीचा कागद होता. भाडेकरू डोक्यावर बसतील ही त्यांची भीती. तुम्ही त्यांना 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम 55 वाचून दाखवलंत, की करार लेखी आणि नोंदलेला करणं ही जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. शेवटचं वाक्य ऐकून त्यांनी स्वतःच अंगठा लावायची तारीख विचारली. नोंदणीची हजार रुपये फी त्यांनी दिली. पत्त्याचा पुरावा म्हणून त्याच करारावर धाकटीचा आरटीईचा, म्हणजे खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागेचा, फॉर्म भरता आला. लॉटरीत नंबर लागला नाही, वेटिंगला राहिली.

गटाचं एक कर्ज दिवाळीला फिटलं, दुसऱ्याचे सात हप्ते राहिलेत. हे पुन्हा टेम्पोवर जातात. मागच्या महिन्यात खालच्या खोलीतली मुलगी माझ्याकडे रडत आली, मी तिला म्हणाले, "आधी कागद आण." तुमच्यासारखाच आवाज निघाला, आमची मोठी हसत सुटली. या रविवारी तिला घेऊन येते. तिच्याकडे दोन पिशव्या आहेत.

पेढे तुम्ही परत केलेत, म्हणून पुरणपोळ्या आणते, त्या परत नेणार नाही. आणि बारा रुपये सुटे आणते. वहीतली ती ओळ तुमच्याच लाल पेनानं खोडा.

तुमची,
पोळ्यांची बाई